इन्ती कोणाला म्हणतोस?

हे बघा, चहा घ्या, खारी घ्या, पण मधेच हसायचं नाही. हसलात तर मी सांगायचा थांबेन. कारण हा प्रसंग आठवला की आजही माझं डोकं फिरतं! आधी वाटायचं, दुसऱ्यांवर फिरतं. आता कोणावर फिरतं ते शेवटी कळेलच तुम्हाला.

मी रागीट आहे हे काही मी लपवत नाही. आमच्या सुलभाबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ‘‘दुबईचा उन्हाळा चार महिने, आमच्या ह्यांचा बारा महिने.’’ ठीक आहे! पण मी उगाच चिडत नाही. लोक वाचत नाहीत म्हणून चिडतो. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मी कॉन्ट्रॅक्ट्स बघतो. दुसऱ्यांनी न वाचलेली कलमं वाचायची आणि त्यांना झापायचं, याचा मला पगार मिळतो. ‘‘सही करण्याआधी वाचत का नाही तुम्ही?’’ हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ओरडतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्याच डोक्यात बसणार आहे ते.

आता मूळ दुखणं सांगतो. बावीस वर्षांपूर्वी मी इथे नवीन आलो तेव्हा मला अरबी शिकायची फार हौस. शिकलो कोणाकडून? शेजारच्या वहिनींकडून. आणि वहिनी कुठे शिकल्या? त्यांच्या ब्युटी पार्लरमध्ये! आता अरबीत पुरुषाला ‘तू’ म्हणायचं तर ‘इन्ता’, बाईला म्हणायचं तर ‘इन्ती’. पार्लरमध्ये पुरुष कुठून येणार? त्यामुळे वहिनींच्या अरबीत सगळ्या बायकाच होत्या. साहजिकच माझ्याही.

मग एकदा सरकारी कचेरीत गेलो, व्हिसाच्या कामाला. काउंटरमागे सहा फुटी अधिकारी, जाड मिशा, भारदस्त आवाज. बिचाऱ्याने काम चुटकीसरशी केलं. मी इतका खूश झालो, की अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘शुक्रान! इन्ती वाजिद झेन!’’

म्हणजे मला म्हणायचं होतं, तुम्ही फार चांगले आहात. म्हणालो काय? बाई गं, तू फार छान!

त्याने आधी मागे वळून पाहिलं, कोणी बाई आहे का. मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘अना? अना इन्ती?’’ मी? मी इन्ती? आणि जो काय हसला! शेजारचा काउंटर हसला, रांग हसली, पाणी भरायला आलेला माणूससुद्धा बाटली खाली ठेवून हसला. मी पासपोर्ट घेऊन पळालो. त्या दिवसापासून ‘इन्ती’ हा शब्द ऐकला की माझे कान तापतात. आणि सुलभाला तर आयुष्यभराचा किस्सा मिळाला. बारसं असो, हळदीकुंकू असो, हिचं सुरू, ‘‘आमच्या ह्यांनी एकदा काय केलं माहितेय का...’’

तर हे झालं जुनं. आता नवं.

आमची मनू. खरं नाव मृण्मयी, पण ते इथल्या शाळेत एकाही टीचरला म्हणता आलं नाही. इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. गेल्या वर्षी तिला टोरांटोला ॲडमिशन मिळाली. ऑगस्टमध्ये निघायचं. एक दिवस जेवताना म्हणाली, ‘‘बाबा, बिफोर आय गो, वन ट्रिप. जस्ट यू अँड मी.’’

माझा घास हातातच राहिला. एकवीस वर्षांची पोर बापाबरोबर फिरायला जायचं म्हणतेय! मी विचारलं, ‘‘कुठे?’’

‘‘पेरू.’’

‘‘पेरू इथे मार्केटमध्येही मिळतात की,’’ सुलभा स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचे गुडघे बोलतात, त्यामुळे ती येणार नव्हतीच.

मनूने मला फोटो दाखवला. उंच डोंगर, खाली ढग, आणि अगदी कड्यावर दगडी चौकट. इंका लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेलं द्वार. दिवसभर जुन्या दगडी वाटेने डोंगरातून चालायचं, शेवटी इतक्या उभ्या पायऱ्या, की लोक हातपाय टेकून चढतात. आणि त्या द्वारातून पाऊल टाकलं, की खाली एकदम सगळं माचू पिचू पसरलेलं. मनू म्हणाली, त्याला सन गेट म्हणतात. मी जागच्या जागी त्याचं सूर्यद्वार केलं. माझं नाव भास्कर! सूर्यच ना मी! दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात, मंडळात, लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी सूर्यद्वाराबद्दल सांगत सुटलो.

मनू ज्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये जायची ते सात-आठ जण मे महिन्यात तिकडे निघणार होते. वाट तेवढी त्यांच्याबरोबर चालायची, बाकी सहल आमची दोघांची. त्यांच्यासाठी मनूने स्वतः बसून चाळीस पानांची पीडीएफ बनवली. मलाही पाठवली. रोज विचारायची, ‘‘बाबा, डिड यू रीड इट?’’

‘‘वाचली!’’

‘‘ऑल ऑफ इट?’’

‘‘अथपासून इतिपर्यंत. शेवटचं पान तर फारच उपयुक्त आहे.’’

ती माझ्याकडे जरा बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘ओके.’’

आता तुम्ही म्हणाल, वाचली नव्हतीस ना? अहो, दिवसभर कलमं वाचून घरी आलेल्या माणसाने काय पुन्हा चाळीस पानं वाचायची? स्वतःच्या मुलीबरोबर फिरायला जायला काय परीक्षा आहे का?

तर होती! तीच तर भानगड. मनूने अट घातली. वाट अवघड, माझं वय चौपन्न, पोट समोर. दुबईजवळ हट्टाचे डोंगर आहेत, तिथे पायथ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत दोन तासांत चढून दाखवायचं. ‘‘अदरवाइज यू टेक द ट्रेन, बाबा. देअर इज ऑल्सो अ बस. आय विल वॉक थ्रू द गेट अँड मीट यू डाउन देअर.’’

म्हणजे पोरगी सूर्यद्वारातून चालत येणार आणि मी खाली बॅगा सांभाळत बसणार! माझं सूर्यद्वार, आणि मीच बसने!

आधीच सांगतो, मराठी माणसाने या गावाला जपून जावं. बाकीचे लोक हट्टाला जातात. मी हट्टाला पेटलो.

पहिल्यांदा आम्ही दोघंच गेलो, मला सव्वातीन तास लागले. दुसऱ्यांदा अडीच. तिसरी आणि शेवटची संधी जानेवारीतल्या एका शनिवारी, अख्ख्या ग्रुपबरोबर. सकाळी सहाला पेट्रोल पंपापाशी जमायचं होतं. मी नवे बूट घातलेले, पाठीवर पाणी, हातात काठ्या. या काठ्या कोणी काढल्या हो? चालताना त्या आपल्याच पायात येतात! पण ते असो.

ग्रुपचा म्होरक्या ओमर. जॉर्डनचा, पस्तिशीचा, सारखा हसत असतो. सकाळी सहाला हसणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. तो यादी बघून एकेकाचं नाव घेत होता.

‘‘मिस्टर भास्कर?’’

‘‘येस.’’

त्याचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही हात पसरून तो ओरडला, ‘‘आह! इन्ती!’’

आणि सगळे हसले. सगळे! मनूसुद्धा!

तुम्ही सांगा, काय समजायचं माणसाने? माझ्या डोळ्यांपुढे तो काउंटर आला, त्या मिशा आल्या, पाण्याची बाटली आली. बावीस वर्षांची जखम, आणि माझ्या पोटच्या पोरीने ती चारचौघांत उघडी केली! हिनेच सांगितलं असणार. दुसरं कोण सांगणार?

बाजूला जाऊन मी सुलभाला फोन लावला. ‘‘मनूने ग्रुपमध्ये ते इन्तीचं सांगितलंय का गं?’’

ती झोपेत होती. म्हणाली, ‘‘अहो, त्यात काय एवढं? ते तर मी सगळ्यांनाच सांगते.’’

झालं! पुरावा मिळाला. मी फोन ठेवला, दात आवळले आणि चालायला लागलो.

हट्टाचे डोंगर म्हणजे नुसते तपकिरी दगड. झाड नाही, सावली नाही, मधूनच एखादी बकरी वरून आपल्याकडे कीव केल्यासारखी बघते. सगळे रांगेत चाललेले. आणि जरा कोणी मागे रेंगाळला की ओमर पुढून ओरडायचा, ‘‘यल्ला, इन्ती बुंकू! इन्ती बुंकू!’’ यल्ला म्हणजे चला. आता मागे रेंगाळणारा दरवेळी कोण? मीच!

इन्तीपर्यंत ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतं, पण कळत तरी होतं. हे बुंकू काय? बुळा? बुद्दू? माझ्या मागून मिस नवाल म्हणून इजिप्तच्या एक बाई चालत होत्या. साठीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. त्या फक्त त्या दिवसापुरत्या डोंगर चढायला आल्या होत्या, पेरूबिरूशी त्यांचा संबंध नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत अरबी शिकवलं होतं. मी म्हटलं, यांनाच विचारावं.

‘‘मॅडम, अरबीमध्ये बुंकू म्हणजे काय?’’

त्यांनी थांबून विचार केला. ‘‘बुंकू? देअर इज नो सच वर्ड.’’

‘‘नक्की?’’

‘‘मेबी,’’ त्या नाक मुरडत म्हणाल्या, ‘‘इट इज फ्रॉम द स्ट्रीट.’’

म्हणजे शिवी! पस्तीस वर्षं अरबी शिकवलेल्या बाईंना जो शब्द ठाऊक नाही, तो किती घाण असेल? मला बाई म्हणतात ते म्हणतात, वर तिला शिवीही देतात! अहो, माझे पाय जे सुटले! दगड बघितले नाहीत, घाम बघितला नाही. एकेकाला मागे टाकत गेलो. घड्याळात बघितलं तर सव्वा तास झालेला, आणि खिंड वीस मिनिटांवर दिसत होती. दोन उभे खडक आणि मधे फट. मुकाट्याने चाललो असतो तर परीक्षा पास होतो मी! पण मुकाट्याने चालेल तो मी कसला?

पुढच्या वळणावर ओमर उभा होता. मी त्याच्यापुढे जाऊन काठी दगडावर आपटली.

‘‘हू आर यू कॉलिंग इन्ती?’’

‘‘यू!’’ तो आनंदाने म्हणाला. ‘‘यू आर इन्ती! बिग इन्ती!’’ आणि त्याने बोट सरळ आकाशाकडे केलं. मला वाटलं, देवाची शपथ घेऊन सांगतोय!

‘‘अँड व्हॉट इज बुंकू?’’

त्याने त्या खिंडीकडे हात केला. ‘‘टुडे, दॅट इज अवर इन्ती बुंकू! यू गो इनसाइड, हबीबी!’’

बस्स! माझं डोकं फुटलं. मी काठी त्याच्या दिशेने नाचवत ओरडायला लागलो, ‘‘इन्ती? मला इन्ती? तू इन्ती! तू बुंकू! इन्ती बुंकू! इन्ती! इन्ती! इन्ती बुंकू!’’ डोंगरांनी ते चार वेळा परत ऐकवलं.

आता झालं काय, ओमर खाली वाकला होता. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणा, की माझी काठी चुकवायला म्हणा. आणि बरोबर त्याच्या मागे, माझ्या काठीच्या टोकासमोर, आरडाओरडा ऐकून मागून आलेल्या मिस नवाल मला वळसा घालून उभ्या राहिल्या होत्या.

‘‘अना?’’ त्यांनी छातीवर हात ठेवला. ‘‘अना बुंकू?’’

‘‘नो, नो, मॅडम, नॉट यू...’’

‘‘यू सेड इन्ती! सेव्हन टाइम्स! अँड आस्क्ड मी द मीनिंग फर्स्ट!’’

आणि खरंच हो! व्याकरणाच्या दृष्टीने मी अगदी बरोबर बाईंनाच शिवी दिली होती! बावीस वर्षांत पहिल्यांदा ‘इन्ती’ योग्य जागी वापरला, तो असा! बाई दगडावर बसल्या आणि रुमालाने डोळे पुसायला लागल्या. मागून येणारे सगळे गोळा झाले. बाप्याने साठीच्या मास्तरीणबाईंना रडवलंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

मनू धावत आली. ‘‘बाबा! व्हॉट हॅपन्ड?’’

‘‘काय हॅपन्ड? तू मला विचारतेस? बापाची इज्जत चव्हाट्यावर मांडलीस आणि मला विचारतेस? जगाला सांगितलंस ना काउंटरचं? हसा आता! मी येत नाही पेरूला. चालतही येत नाही, ट्रेननेही येत नाही. तू जा एकटी. खलास!’’

मनूने पाठीवरची बॅग काढली, आतून एक पिवळा टी-शर्ट काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर तिने हाताने काढलेलं चित्र छापलं होतं. एक गोल गरगरीत सूर्य. त्याला मिशा. माझ्या मिशा! खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इन्ती’.

‘‘इन्ती मीन्स द सन, बाबा. नॉट इन अरेबिक. इन क्वेचुआ, द इंका लँग्वेज. पुंकू मीन्स गेट. इन्ती पुंकू. दॅट्स द रिअल नेम ऑफ युअर सूर्यद्वार.’’ तिने सूर्याच्या मिशांवर बोट ठेवलं. ‘‘भास्कर मीन्स सन. सो आय टोल्ड एव्हरीवन, माय डॅड इज इन्ती. इट्स ऑन पेज वन. द फर्स्ट लाइन ऑन पेज वन.’’

पुंकू! अरबी माणसाला ‘प’ म्हणता येत नाही, त्याचा ‘ब’ होतो. बावीस वर्षं मी पार्किंगला ‘बार्किंग’ ऐकतोय, पेपरला ‘बेबर’ ऐकतोय, पण डोकं चालायला डोकं थंड लागतं ना!

‘‘आय वॉज गोइंग टू गिव्ह इट टू यू अप देअर,’’ ती खिंडीकडे बघत म्हणाली. टी-शर्ट तिने परत बॅगेत कोंबला. ‘‘यू गेट अँग्री फर्स्ट अँड रीड लेटर. ऑलवेज. मेबी यू आर राइट. मेबी आय शुड गो अलोन.’’

आणि ती चालू लागली. मागे न बघता.

काय सांगू तुम्हाला! लोकांनी मला शिव्या दिल्यात, साहेबाने फाइल फेकलीय, कधी काही वाटलं नाही. पण तेव्हा त्या दगडांत उभं राहून जे वाटलं ना! ऑगस्टमध्ये पोरगी निघून जाणार. जायच्या आधी एकच गोष्ट मागितली होती तिने. पैसे नाही, वस्तू नाही. मला मागितलं होतं. आणि मी तिची चाळीस पानं वाचली नाहीत. पहिली ओळसुद्धा वाचली नाही. कोणावर ओरडणार आता? बकरीवर?

मी मिस नवालपुढे गेलो, हात जोडले आणि सगळं सांगितलं. काउंटर, मिशा, पार्लर, वहिनी, सगळं. त्या ऐकत गेल्या. रुमाल तोंडावर गेला. मला वाटलं, परत रडतात. त्या हसत होत्या! इतक्या हसल्या, की ओमरने त्यांना पाणी दिलं.

मग उठून, डोळे पुसून, शाळेतल्या बाई मुलाला सांगतात तसं त्यांनी मला सांगितलं, ‘‘लिसन. मॅन इज इन्ता. वुमन इज इन्ती. सन इज ऑल्सो इन्ती. यू आर सन, सो यू आर इन्ती. ग्रामर इज फिनिश्ड. हाउ मच टाइम?’’

घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं उरलेली! वाट वीस मिनिटांची, आणि चांगला अर्धा तास मी ओरडण्यात घालवला!

‘‘यल्ला, या इन्ती!’’ बाईंनी माझ्या पाठीत काठी टोचली. खरंच टोचली.

आधी रागाने चढत होतो, आता भीतीने. शेवटचा टप्पा तर मी दोन हात, दोन पाय आणि पोट असा पाच ठिकाणी टेकत चढलो. मागून ओमर ओरडतोय, ‘‘यल्ला, इन्ती बुंकू!’’ आणि मी, काय सांगू, मी आतून ओरडतोय, ‘‘आलो रे बाबा, आलो!’’

खिंडीत मनू पाठ करून बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो, म्हणजे पडलोच. श्वास मिळाल्यावर म्हणालो, ‘‘मने, पीडीएफ वाचली नव्हती.’’

एवढंच बोलायला मला अख्ख्या डोंगरापेक्षा जास्त कष्ट पडले.

‘‘आय नो,’’ ती म्हणाली.

‘‘कधीपासून?’’

‘‘यू सेड द लास्ट पेज वॉज व्हेरी यूसफुल.’’ ती वळली. ‘‘पेज फॉर्टी इज ब्लँक, बाबा.’’

मग आम्ही दोघं हसलो. ती आधी. दोन तासांना दोन मिनिटं कमी असल्याचं ओमरने सांगितलं. खरं की खोटं, मी घड्याळ बघितलं नाही. तिने टी-शर्ट काढून माझ्या डोक्यावर टाकला आणि तो मी घामेजल्या अंगावर तिथेच चढवला. जरा घट्टच होतो, पण घालतो.

मे महिन्यात गेलो. चाललो, धापा टाकल्या, हातपाय टेकून त्या पायऱ्या चढलो. तिथल्या गाइडने नाव विचारलं, अर्थ विचारला आणि म्हणाला, ‘‘आह! इन्ती!’’ मनूने घाबरून माझा दंड धरला. मी फक्त मान डोलावली. आणि द्वारात पोचलो तर काय? धुकं! माचू पिचू नाही, डोंगर नाही, समोर धुतलेल्या चादरीसारखं पांढरं सगळं! इतक्या लांब येऊन धुकं? कोणाकडे तक्रार करायची याची? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनू म्हणाली, ‘‘पेज थर्टी वन, बाबा. वेट ट्वेंटी मिनिट्स.’’ थांबलो. वीस मिनिटांनी धुकं बाजूला झालं. ती माझ्या खांद्याला टेकून उभी होती. बाकी काय दिसलं ते फोटोत बघा, मला नीट दिसलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर मिठी मारून म्हणाली, ‘‘रीड फर्स्ट. देन अँग्री.’’ मी शपथ घेतली.

आणि गेल्या महिन्यात व्हिसा रिन्यू करायचा होता. हल्ली सगळं फोनवर. अर्ज मीच भरला, पाच मिनिटांत, टकाटक, सबमिट! दोन दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. काहीतरी दुरुस्ती हवी होती. माझं डोकं तापलं! एवढा साधा अर्ज, त्यात काय दुरुस्ती? रागारागाने गेलो, अंगात तोच पिवळा टी-शर्ट, वर कोट.

काउंटरमागे एक तरुण अधिकारी होता. त्याने स्क्रीनवर बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत स्क्रीनवर बघितलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. नाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती. त्याखाली, माझ्याच बोटाने, न वाचता, मी खूण केली होती. स्त्री.

त्याने हसू दाबत, अतिशय अदबीने विचारलं, ‘‘अंकल... इन्ती?’’

मी इकडेतिकडे बघितलं. मागे रांग होती. मग कोटाची बटणं सोडली, मिशीवरून हात फिरवला आणि मान डोलावून म्हणालो, ‘‘ऐवा, हबीबी. अना इन्ती.’’